जाळीमागे बसणाऱ्या वहिनींस

वहिनी, तुम्हाला बेसबॉल आवडायचा नाही. तेराव्याला आलेल्या तिघा-चौघांनी मला सांगितलं की तुमच्या वहिनींना खेळाचं केवढं वेड होतं. मी मान डोलावली. त्या दिवशी कुणाला काय समजावत बसणार? पण तुम्ही स्वतःच म्हणायचात, "तीन तास उन्हात उभं राहायचं आणि त्यातला निम्मा वेळ नुसते खांदे झटकायचे, हा कसला खेळ?" तरीही कितीतरी रविवार तुम्ही ग्राउंडवर आलात, होम प्लेटमागच्या जाळीपाशी घडीची खुर्ची टाकून बसलात आणि उन्हं डोक्यावर येईपर्यंत उठला नाहीत.

सुरुवात आईमुळे झाली. तुम्ही लग्न होऊन धारवाडहून नुकत्याच आला होतात. अण्णा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात होता आणि त्याला बऱ्याचदा रविवारीही पाळी असायची. सकाळी सहाला कारखान्याची बस चौकात यायची आणि तो जायचा. इथे बसवनगुडीत तुमच्या ओळखीचं कुणी नव्हतं; शाळेतली गणिताची नोकरीही दोनच महिन्यांची होती. आई म्हणाली, "घरात बसून काय करतेस, रघूबरोबर जा, चार माणसं दिसतील." मला ते मुळीच पसंत नव्हतं. मी वीस वर्षांचा होतो आणि वहिनीला घेऊन खेळायला जाणं म्हणजे टीममध्ये थट्टेला आमंत्रण. तुम्ही तपासायचे पेपर पिशवीत घालून माझ्यामागून चालत आलात. वाटेत मी दोन वाक्यांत खेळ सांगून टाकला. पिचर चेंडू टप्पा न पाडता फेकतो. तो बॅट धरणाऱ्याच्या पुढ्यातल्या प्लेटच्या रुंदीत आणि गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत आला तर स्ट्राइक, नाहीतर बॉल. तीन स्ट्राइक झाले की बाद, चार बॉल मिळाले की फुकटात पहिला बेस.

"आणि बाहेरच्याला मारायला गेलं नि चुकलं तर?"

"तरी स्ट्राइकच."

"म्हणजे बाहेरचा सोडला तर फायदा आणि मारायला गेलं तर बहुतेक तोटा."

"हो."

परत येताना तुम्ही एवढंच विचारलंत, "मग तू बाहेरचे का मारतोस?"

 माझ्याकडे उत्तर तयार होतं, पण ते तुम्हाला सांगण्याजोगं वाटलं नाही. माझं म्हणणं होतं की माझी बॅट आखूड आहे. मी काही उंच नाही, हातही आखूड. क्लबच्या बत्तीस इंची लाकडी बॅटनं प्लेटच्या पलीकडच्या कडेचा, खाली येणारा चेंडू मला गाठताच यायचा नाही. सगळे पिचर ते ओळखून होते आणि मला तिथेच टाकायचे. त्या वर्षी वडिलांच्या मित्राचा मुलगा परदेशातून आला आणि त्याच्याकडून मी चौतीस इंची ॲल्युमिनियमची बॅट मागवून घेतली. तशी बॅट तेव्हा इथे दुकानात मिळत नसे. मी ती जुन्या पंच्यात गुंडाळून कपाटावर ठेवायचो आणि आईला तिथली धूळही झाडू द्यायचो नाही.

त्या बॅटनं पहिल्या रविवारी दोन लांब फटके बसले आणि मला वाटलं, झालं काम. पुढच्या महिनाभरात मात्र मी आधीपेक्षा जास्त वेळा बाद झालो. आमचे कोच मंजुनाथ सर नुसते "स्वल्प तडी रघू, स्वल्प तडी" म्हणत राहिले. जरा थांब, चेंडू येऊ दे. पण थांबायला वेळच नव्हता. ती बॅट फिरायला लागायचा वेळ इतका, की चेंडू पिचरच्या हातून सुटतो न सुटतो तोच मला निघावं लागायचं. अंगाजवळ आलेला चेंडू तर मुठीपाशी बसायचा आणि दोन्ही हात कोपरापर्यंत झिणझिणायचे.

हे सगळं मला आज सांगता येतं. तेव्हा ते तुम्ही दाखवलंत. एका संध्याकाळी तुम्ही मला गच्चीवर बोलावलंत आणि जळमटं काढायचा बांबू हातात दिलात. "टोकाला धरून फिरव," म्हणालात. मग म्हणालात, "आता वीतभर वर धरून फिरव." मी फिरवला. दुसऱ्यांदा तो सहज फिरला, हवा तिथे थांबवताही आला. तुम्ही पेपरांच्या गठ्ठ्यातून दोन कागद काढलेत. मुलींच्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर तुम्ही नऊ घरांची चौकट आखली होती आणि मला आलेला प्रत्येक चेंडू टिंबानं मांडला होता. मी बॅट फिरवली असेल तिथे टिंबाभोवती गोल आणि चुकलो असेन तिथे गोलावर फुली. एक कागद बत्तीसच्या बॅटचा, एक चौतीसचा. चौतीसच्या कागदावर चौकटीबाहेरच उजव्या बाजूला फुल्यांचा ढीग होता.

"बॅट दोन इंच वाढली," तुम्ही म्हणालात, "आणि तुझी हाव वीतभर वाढली. आधी जो चेंडू आपला नाही म्हणून सोडायचास, तो आता हाताशी येईल असं वाटतं. येत नाही. आणि जो खरंच तुझा आहे, त्याला पोचायला तुला उशीर होतो."

मी म्हणालो, "तुम्ही कधी बॅट धरलीय का?"

"नाही. पण मोजता येतं मला."

मला राग आला होता. पण रागापेक्षा पटलं जास्त, कारण कागदावरच्या फुल्या माझ्याच होत्या. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला गच्चीवर उभं केलंत, तेही बॅटशिवाय. कपडे वाळत घालायच्या दोरीच्या वर-खाली दोन सुतळ्या बांधल्यात, खाली खडूनं प्लेट आखलीत आणि जुने टेनिसचे चेंडू घेऊन पलीकडच्या कठड्याजवळून टाकायला लागलात. मी फक्त बोलायचं. मारण्याजोगा असेल तर "हो", नसेल तर "नको". चेंडू माझ्यापर्यंत पोचायच्या आत. पहिले आठ दिवस मी प्रत्येकाला "हो" म्हणत होतो. शेजारच्या गच्चीवर संडगे घालायला आलेल्या राजम्मा आमच्याकडे बघून हसायच्या आणि तुम्ही त्यांना कानडीत सांगायचात, "परीक्षा आहे त्याची." शाळेतून दमून यायचात, पदर खोचून शंभरदा हात फिरवायचात. तुमचा खांदा दुखायचा हे मला अण्णानं नंतर सांगितलं. तेव्हा मी विचारलं नाही.

तीन महिन्यांनी मी पुन्हा बत्तीसच्या बॅटवर आलो, प्लेटच्या अर्धा पाऊल जवळ उभा राहायला लागलो आणि चेंडू बॅटला लागायला लागला. लांब जायचा असं नाही, पण लागायचा. मंजुनाथ सरांनी मला विचारलं, "यारु हेळिकोट्रु?" कुणी शिकवलं? मी म्हणालो, "असंच." वहिनी, ही माझी पहिली लबाडी. दुसरी याच्याहून मोठी आहे.

त्या वर्षीच्या निवड स्पर्धेतली शेवटची मॅच तुम्हाला आठवत असणारच. राज्याच्या टीमसाठी निवड करणारी मंडळी मांडवात बसली होती. एका सरकारी कारखान्यात खेळाडूंसाठी जागा निघाल्या होत्या आणि राज्याकडून खेळल्याचा दाखला मिळाला तर माझं नाव तिथे लागणार हे जवळजवळ नक्की होतं. बाबा त्या वर्षी निवृत्त होणार होते. घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांचे डोळे त्या दाखल्याकडे होते. शेवटचा डाव, दोन बाद, तिसरा बाद झाला की मॅच संपणार, आम्ही एका रननं मागे, आमचा एक जण तिसऱ्या बेसवर. बॅटिंगला मी. दोन स्ट्राइक आणि तीन बॉल. म्हणजे पुढच्या चेंडूवर बहुतेक निकालच लागणार होता.

चेंडू आला. मी बॅट फिरवली नाही. अंपायरनं हात वर केला. तिसरा स्ट्राइक, मी बाद, मॅच संपली. आठ दिवसांनी यादी लागली, तिच्यात माझं नाव नव्हतं.

यादी लागली त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात बसून अवरेकाईच्या शेंगा सोलत होतात. मी आलो आणि चप्पल न काढताच बोलायला लागलो.

"तुमच्या चौकटींनी माझी नोकरी घालवली."

तुमचे हात थांबले.

"दोन स्ट्राइक असताना कडेचा बॉल कुणी सोडत नाही. लहान पोरंसुद्धा सोडत नाहीत. मी सोडला, कारण तीन महिने तुम्ही माझ्या डोक्यात भरवलंत, नको म्हण, नको म्हण. तुम्ही जाळीमागे सावलीत बसून टिंबं काढता. एकदा पुढे उभं राहून बघा."

तुम्ही म्हणालात, "तो बाहेर होता, रघू."

"अंपायरला आत दिसला."

"तरी बाहेर होता."

मग तुम्ही शेंगा सोलायला लागलात. आईनं मला हाक मारली, मी थांबलो नाही. त्यानंतर दोन महिने आपण एका घरात राहून बोललो नाही. तुम्ही ताट वाढायचात, मी जेवून उठायचो. काही सांगायचं असलं तर "अण्णाला सांगा" किंवा "आईला विचारा". तुम्ही ग्राउंडवर येणं बंद केलंत. रविवारी सकाळी तुमची घडीची खुर्ची जिन्याखाली भिंतीला टेकलेली असायची आणि मी तिच्याकडे न बघता बाहेर पडायचो.

मग एका दुपारी तुम्ही माझ्या खोलीच्या दाराशी आलात. आत आला नाहीत. हातात कागद होता.

"मी परत मांडून बघितलं," तुम्ही म्हणालात. "मी तुला एकच नियम दिला होता, की शंका आली तर सोड. एकही स्ट्राइक नसताना तो बरोबर आहे. दोन झाल्यावर नाही. तेव्हा सोडून चुकलास तर सगळंच जातं, मारून रेषेबाहेर फाउल गेला तर निदान अजून एक चेंडू मिळतो. तेव्हा बॅट थोडी वर धरायची, आणखी आखूड करायची, आणि कडेचा नुसता अडवायचा. हे मला आधी सुचायला हवं होतं. चूक माझी आहे."

मी म्हणालो, "असू दे."

एवढंच म्हणालो. तुम्ही कागद टेबलावर ठेवून गेलात. पुढच्या रविवारी तुम्ही जिन्याखालची खुर्ची उचललीत, मी ती तुमच्या हातातून घेतली आणि आपण बरोबर गेलो. मला वाटलं, मिटलं.

तुमचा तो दुसरा नियम चांगला निघाला. दोन स्ट्राइक झाले की मी दीड इंच वर पकडायचो आणि नको ते चेंडू कडेनं फाउल करत राहायचो. पिचर वैतागायचे. वर्षभरानं माझी राज्याच्या टीममध्ये राखीव म्हणून निवड झाली. तीन मॅच खेळलो, परत आलो तर त्या कारखान्यात खेळाडूंच्या जागा बंद झाल्या होत्या. मी परीक्षा देऊन कचेरीत लागलो. त्या परीक्षेचं गणितही तुम्हीच करून घेतलंत, त्याच गच्चीवर. त्याबद्दल मी तुमचे आभार मानल्याचं मला आठवत नाही. आपल्या घरात ती पद्धत नाही, असं म्हणून मी स्वतःला सोडवू शकतो. पण अण्णा कारखान्यातून आल्यावर चहा हातात घेताना तुम्हाला "बरं झालं" म्हणायचा, रोज. मलाही जमलं असतं.

गेली दोन वर्षं मी मुलींची टीम बघतोय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कौतुकाचं होतं. आपला शेवटचा वाद त्यांच्यातल्या एकीवरूनच चालला होता. ती उंच सुजाता चौतीसची बॅट वापरते. तुमचं म्हणणं, तिनंही बत्तीसच घ्यावी, लांबी हातावर ठरत नाही, धीरावर ठरते. माझं म्हणणं, तिच्या मनगटात जोर आहे, तिला ती झेपते, माझ्यावरून सगळ्यांचं मोजमाप काढू नका. दवाखान्यात हाताला सलाइन लावलेलं असताना तुम्ही विचारलंत, "ती उंच मुलगी अजून चौतीसच घेते?"

"घेते."

"आणि अंगाजवळचा?"

"मारते."

"बघू," म्हणालात आणि डोळे मिटलेत.

मागच्या रविवारी ती त्याच बॅटनं चार वेळा खेळली. चारही वेळा चेंडू बॅटला नीट लागला, त्यातला एक अंगाजवळचा होता. मी जाळीकडे वळून बघितलं. सवय. सांगायचं होतं की या एका बाबतीत तुमचं चुकलं. तुम्ही लगेच मान्य केलं नसतंत. आणखी दहा मॅचचे कागद मागितले असतेत.

त्या दिवशी दवाखान्यात मी खरं तर वेगळंच बोलायला आलो होतो. सुजाताचं निघालं आणि ते राहिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही झोपेत होतात. तिसऱ्या दिवशी नर्सनं एकालाच आत सोडलं आणि अण्णा गेला.

परवा सकाळी अण्णा आणि मी ओसरीवर कॉफी घेत होतो. तो हल्ली पेपर उघडतो पण वाचत नाही. मी म्हणालो, "अण्णा, वहिनींना एक गोष्ट सांगायची राहिली माझ्याकडून."

त्यानं पेपर खाली ठेवला. "त्या बॉलची?"

मी त्याच्याकडे वळलो.

"तिला ठाऊक होतं," अण्णा म्हणाला. "मॅच झाली त्याच संध्याकाळी मला म्हणाली. रघूचा पायच उचलला नाही म्हणे. सोडायचा असला तरी तू पुढचा पाय टाकतोस, मग ठरवतोस. तिनं शेकडो वेळा बघितलं होतं. त्या वेळी पाय जागचा हलला नाही. बॉल यायच्या आधीच यानं सोडायचं ठरवलं होतं, म्हणाली."

"मग चूक माझी असं का म्हणाल्या?"

"मी पण तेच विचारलं. तर म्हणाली, नियम एकच दिला ही माझी चूक खरीच आहे. माझं मी बोलले. त्याचं तो बोलेल."

"मग?"

"मग काय. नंतर कधी विषय निघाला नाही. एकदा मीच म्हटलं, विचारू का त्याला? तर सरी, ठीक आहे, राहू दे म्हणाली. विचारून बोलला तर काय उपयोग."

अण्णा कप घेऊन आत गेला.  तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही दोन महिने माझा अबोला सोसलात, माझ्या दारात येऊन तुमच्या वाटणीची चूक तेवढी मोजून मान्य केलीत, आणि त्यानंतरची चार वर्षं माझ्या वाटणीची मी बोलतो का, याची वाट बघितलीत. बघताना चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाहीत. गच्चीवर मला वाटायचं, वहिनींना बॅट धरता येत नाही, त्यांना काय कळणार थांबणं म्हणजे काय.

तर आता बोलतो. त्या पिचरचे आधीचे दोन चेंडू बाहेर गेले होते. तो दमला होता. मला वाटलं, हा तिसराही बाहेरच टाकेल, मला फुकट बेस मिळेल, आणि मांडवातल्या लोकांसमोर बॅट फिरवून चुकण्याची वेळच येणार नाही. त्यानं हात मागे नेला तेव्हाच मी ठरवलं होतं. तुमच्या चौकटीचा त्यात काही संबंध नव्हता. चौकटीसाठी चेंडू बघावा लागतो, आणि मी घाबरलो होतो. दोष द्यायला तुम्ही घरात होतात, म्हणून तुम्हाला दिला. तुम्ही तो घेतलात तेव्हा "असू दे" म्हणालो, जसं काही मीच तुम्हाला माफ करतोय.

चार वर्षं मी लोकांना सांगत आलो की अंपायर चुकला. कधी सांगितलं की चेंडू कडेवर होता. यातलं काहीच मला माहीत नाही. मी तो चेंडू बघितलाच नव्हता, वहिनी. तुम्ही बघितला होता. तुम्ही म्हणालात बाहेर होता, तर बाहेर होता.